ए-साडेतीन

शुक्रवारी, म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी, म्हापशातल्या एका दातांच्या दवाखान्यात, ब्लीचिंगच्या, म्हणजे दात उजळवण्याच्या, खुर्चीत माझ्या दातांचा रंग मोठ्याने जाहीर झाला. सहायक मुलीने चाव्यांच्या जुडग्यासारखी खोट्या दातांची एक पट्टी माझ्या सुळ्याला भिडवली आणि पलीकडे लिहून घेणारीला ओरडून सांगितलं, "ए थ्री पॉइंट फाइव्ह!" मधलं पार्टिशन छातीएवढं. बाहेर मासळीच्या पिशव्या घेऊन बसलेली पंधरा माणसं.

या पट्टीला शेड गाइड म्हणतात. तिच्यावर 16 दात असतात. ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळा, सी करडा, डी लालसर करडा. त्या त्या गटात आकडा वाढला की रंग गडद. उजळपणाने रांग लावली तर बी-वन पहिला आणि सी-फोर शेवटचा. ए-थ्री पॉइंट फाइव्ह बारावा. सोळा पोरांच्या वर्गात बारावा नंबर, आणि तोही पालकांसमोर वाचून दाखवलेला.

मी काही बोलणार तेवढ्यात तोंडात रिट्रॅक्टर बसला. ओठ चारी बाजूंनी ताणून धरणारी ही प्लास्टिकची चौकट. ती लागली की ओठाला ओठ टेकत नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म ही सगळी घराणी बंद.

"ए हाडेहीं?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

त्यांना 'साडेतीन' म्हणायचं होतं. हळदोण्याचे एक निवृत्त रंगारी. कवळी हिरडीला टोचत होती म्हणून डॉक्टर ती घासायला आत घेऊन गेले होते. कवळीशिवाय त, थ, द, ध, न, स यांना जीभ टेकायला जागाच राहत नाही. माझ्याकडे ओष्ठ्य नाहीत, त्यांच्याकडे दंत्य नाहीत. दोघांत मिळून जेमतेम एक धड बाराखडी होत होती. सहायक मुलीने मात्र आम्हाला गप्पा मारायला पाऊण तास दिला.

मी विचारलं, "ऐसे किती होतील?" म्हणजे पैसे.

"अशे खूब येतात हांगा. लज नाका, पात्रांव." (काकांची ही कोंकणी. 'पात्रांव' म्हणजे मालक. त्यांची दंत्य अक्षरं मी वाचकांसाठी परत बसवून दिली आहेत.)

मग त्यांनी, न विचारता, माझ्या तोंडाची पाहणी सुरू केली. स्केलिंग, म्हणजे यंत्राने दातांची सफाई, झालंय का? मान हलवली, झालंय. "भिंत खरवडली म्हूण धवी जायना. मूळचो रंग भायर सरता." हे वाक्य दवाखान्याच्या दारावर लावायला हवं. प्लाक हा लिबलिबीत थर, ब्रशने निघतो. लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट झाला की टार्टर, म्हणजे आपलं किटण, ते ब्रशला जुमानत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत जास्त, कारण लाळेची नळी तिथेच उघडते. स्केलरचं टोक सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरून ते फोडतं, पाणी मारतं ते गरम होऊ नये म्हणून. चहाचे नि मशेरीचे वरवरचे डाग जातात. पण दाताचं वरचं कवच, इनॅमल, असतं पारभासक आणि त्याखालचा थर, डेंटिन, पिवळा. वय वाढतं, इनॅमल झिजतं, पिवळं वर दिसू लागतं. त्याला खरवडून उपयोग नाही. आणि "स्केलिंगने दातांत फटी पडतात" ही जी घरोघरची तक्रार, तिच्यावरही काकांकडे निकाल तयार होता: "चिरो नव्यो पडूंक ना, आशिल्ल्यो त्यो दिसूंक लागल्यो."

एव्हाना हिरड्यांवर निळसर रेझिनची कड लावून ती दिव्याने कडक केली होती. ही कड चुकली आणि जेल हिरडीला लागलं की तिथे पांढरा चट्टा उठून आग होते. मग पुढच्या दातांवर जेल: हायड्रोजन पेरॉक्साइड, दवाखान्यात साधारण 25 ते 40 टक्के. पंधरा-वीस मिनिटांची एक फेरी, अशा दोन-तीन. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगीत रेणूंचे तुकडे करतं. खरवडणं नाही, रंगवणं नाही. वर तो निळा दिवा लावतात, त्याचा दिमाख मोठा, पण त्याने शेवटी रंगात फारसा फरक पडत नाही. बिलात मात्र तो स्वतंत्र ओळीत येतो.

घरी लावायचा ट्रे, म्हणजे दातांवर बसणारा साचाही मिळतो. त्यात 10 टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. रात्री लावून झोपायचं, दोनेक आठवडे. हळू, पण स्वस्त आणि दातही कमी शिवशिवतात. हे मला कोणी सांगितलं नाही. रिट्रॅक्टर लावल्यावर विचारताही येत नाही, हा त्याचा खरा उपयोग असावा.

काका टूथपेस्टवर आले. एका दिवसात दात शुभ्र करणाऱ्या काही पेस्टमध्ये ब्लू कोव्हॅरिन नावाचा निळा रंग असतो. तो दातावर पातळ बसतो आणि पिवळेपणा झाकतो. "चुन्यांत नीळ घालतात न्हय? तेंच." चाळीस वर्षं चर्चच्या भिंती पांढऱ्या केलेला माणूस, मी काय बोलणार? लिंबू-मीठ घासणाऱ्यांना त्यांनी वेगळी शिवी दिली. ती दंत्य नसल्यामुळे स्पष्ट ऐकू आली. शिवी सार्थच होती, लिंबाच्या आम्लाने इनॅमल मऊ होतं आणि वर मीठ म्हणजे पॉलिश पेपर.

एवढ्यात त्यांना माझी कॅप दिसली. वरचा पुढचा दात, रूट कॅनल होऊन बसवलेली.

"लादयेक चुनो मारून कितें जाता?"

काही होत नाही. कॅप, व्हेनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा), दातात भरलेलं सिमेंट, कशावरच पेरॉक्साइड चालत नाही. शेजारचे दात उजळतात आणि कॅप जुन्या रंगात उभी राहते. म्हणून आधी ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून नव्या रंगाची कॅप. सिमेंटलाही दोन आठवडे थांबायचं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन त्याची पकड बिघडवतो. हा क्रम मला डॉक्टरांनी नव्हे, रंगाऱ्याने सांगितला, आणि तोही तिसरी फेरी चालू असताना. कॅपचे पैसे आता वेगळे.

जेल पुसून मुलीने पट्टी परत लावली. "ए टू!" बारावरून एकदम पाचवा! बाहेरच्या मंडळींनी माना वर केल्या. मीही आरशात खूश.

"चुनो सुकतकच धवो," काका म्हणाले. "पावस पडूं दी, मागीर पळय."

तासभर उघडं राहिलेलं तोंड कोरडं पडतं आणि कोरडा दात पांढरा दिसतो, ओला झाला की रंग थोडा मागे येतो. म्हणून रंग आधीचा असो की नंतरचा, दात ओले असताना, शक्यतो दिवसाच्या उजेडात बघायचा, आणि शेवटचा निकाल दोनेक आठवड्यांनी. इथे तो ट्यूबलाइटखाली, दात सुकवून लावला. फोटोही तेव्हाच काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ए-थ्री, फार तर त्याच्या आगेमागे. कॅप जिथल्या तिथे.

रिट्रॅक्टर निघाला. प परत मिळाला आणि पहिला शब्द तोंडातून बाहेर पडला तो "पैसे किती?" ते दिल्यावर हातात एक कागद मिळाला, दोन दिवसांच्या पथ्याचा. तो पैसे घेण्याआधी का देत नाहीत? गोव्यात दोन दिवस हुमण, म्हणजे हळदीची मासळीची आमटी, वर्ज्य म्हणजे पेज, दही आणि अंड्याचा पांढरा.

काकांची कवळी आली होती. त्यांनी ती बसवली, दोनदा टकटक वाजवून पाहिली, माझा कागद हातात घेतला आणि सगळी दंत्यं ठणठणीत उच्चारत वाचला.

"हळद ना, च्या ना, सोलां ना, वायन ना. पात्रांव, मागीर दांत कित्याक जाय?"