टोकन ॲड केल्यानं पैसे जात नाहीत, मग भीती कशाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की क्रिप्टो वॉलेटमध्ये कस्टम टोकन, म्हणजे वॉलेटला आपोआप न दिसणारं डिजिटल नाणं, हाताने ॲड करणं म्हणजे नुसतं यादीत नाव चढवणं, त्यानं एक पैसा हलत नाही, मी लोकांना उगीच घाबरवतोय आणि कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता) अक्षर न् अक्षर तपासा हा सल्ला म्हणजे वेळ घालवणं आहे.

पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे, माझं चुकलं. 'चुकीचं टोकन ॲड केलं की पैसे जाऊ शकतात' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, तसं होत नाही. टोकन आपल्या फोनात नसतंच, कुणाच्या पत्त्यावर किती हा हिशोब त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामायिक वहीवर चढवलेल्या प्रोग्राममध्ये असतो, मेटामास्क घ्या नाहीतर ट्रस्ट वॉलेट, ते तिथं जाऊन विचारतं आणि मिळालेला आकडा स्क्रीनवर दाखवतं एवढंच. ॲड केलं म्हणून कुणाला पैसे काढायची परवानगी जात नाही आणि यादीतनं काढलं म्हणून टोकन नाहीसं होत नाही. ते वाक्य आज सकाळी बदललंय.

पण तो आकडा सांगतंय कोण? कॉन्ट्रॅक्ट. आणि कॉन्ट्रॅक्ट कुणीही लिहू शकतो. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या टोकनांचा ईआरसी-20 हा नियम 2015 साली मांडला गेला, त्यात नाव आणि चिन्ह काय ठेवायचं याला कसलीच आडकाठी नाही. उद्या मी थोडी गॅस फी (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचं शुल्क) भरून 'यूएसडीटी' ह्या डॉलरच्या भावाला बांधलेल्या टोकनच्याच नावाचं टोकन काढलं आणि तुमच्या पत्त्यावर दहा लाख टाकले, तर ॲड केल्यावर तुमच्या वॉलेटात दहा लाख यूएसडीटी दिसतील. किंमत शून्य.

मी हे एवढं ताणून का सांगतोय तर आपल्या विश्रामबागेतला ओळखीतला एक पोरगा आहे, वेबसाइट बनवून देतो. बाहेरच्या एका गिऱ्हाइकाशी 400 यूएसडीटीला काम ठरलं, तीन आठवडे राबला. गिऱ्हाइकाचा मेसेज आला, पेमेंट केलंय, दिसत नसेल तर हा ॲड्रेस कस्टम टोकनमध्ये टाक. ह्यानं टाकला, 400 दिसले, खुशीत वेबसाइटचे सगळे पासवर्ड गिऱ्हाइकाला देऊन टाकले. चार दिवसांनी बदलून घ्यायला गेला तर कुठंच बदलेना. फोन घेऊन माझ्याकडं आला, आम्ही इथरस्कॅनवर (इथेरियमवरचे व्यवहार आणि कॉन्ट्रॅक्ट दाखवणारी साइट) खऱ्या यूएसडीटीचा पत्ता काढून शेजारी ठेवला, तर सुरुवातीची अक्षरंसुद्धा जुळत नव्हती. आता सांगा, त्याच्या वॉलेटमधनं एक पैसा गेला नाही हे तुमच्या हिशोबानं खरंच आहे, पण तीन आठवड्यांची मेहनत गेली की नाही?

माझे चुलते विट्याचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आयुष्य काढलं, आटपाडी-विट्याकडची माणसं ह्या धंद्यापायी देशभर पसरलीत हे तुम्हाला माहितीच आहे. ते म्हणायचे, शिक्का कुणीबी मारतंय, कस लावून बघ, आणि कसोटी आपली पाहिजे, विकणाऱ्याची नको. इथंही तसंच. ज्याच्याकडनं पैसे यायचेत त्यानं दिलेला कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस कधीच वापरायचा नाही. टोकन काढणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरनं स्वतः घ्यायचा, कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप ह्या टोकनचे भाव दाखवणाऱ्या साइटवर परत जुळवायचा, गुगलवर सर्वात वर येणाऱ्या जाहिरातीवरनं किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवरनं नाही. आणि जुळवायचा म्हणजे सुरुवातीच्या शून्य-एक्सनंतरची (0x) सगळी 40 अक्षरं, कारण पुढची-मागची चार-पाच अक्षरं सारखी असलेले पत्ते मुद्दाम तयार करतात. खरं यूएसडीटी बहुतेक वॉलेटं आपण होऊन ओळखतात, त्यामुळं 'हाताने ॲड कर' असं पैसे देणारा म्हणाला की तिथंच थांबायचं.

तुम्ही लिहिलंय की इथरस्कॅनवर कॉन्ट्रॅक्टला हिरवी टिक होती म्हणजे ते सेफ. नाही हो. ती टिक एवढंच सांगते की दाखवलेला कोड आणि चेनवर चढवलेला कोड एकच आहे. त्या कोडमध्ये 'विकताच येणार नाही' असं लिहिलेलं असलं तरी टिक येते.

आणि खरोखर पैसे जातात ते पुढच्या पायरीला. वॉलेटात न मागता एखादं टोकन येऊन पडतं, नावातच वेबसाइट लिहिलेली असते, माणूस तिथं जाऊन वॉलेट जोडतो आणि समोर आलेल्या खिडकीत अप्रूव्ह दाबतो. ती सही बऱ्याचदा त्याच्या खऱ्या यूएसडीटीवरची, तीही अमर्याद रकमेची परवानगी असते. असं टोकन दिसलं तर विकायला जाऊ नका, लपवून टाका. आधी कुठं अप्रूव्ह दिलं असेल तर इथरस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावर ते दिसतं, तिथनंच रद्द करता येतं, थोडी गॅस फी लागते. वॉलेट डिस्कनेक्ट केलं म्हणजे परवानगी रद्द झाली असं मात्र समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी तुम्ही विचारलंय, की इथेरियमचा यूएसडीटी ॲड्रेस बीएनबी चेन ह्या दुसऱ्या ब्लॉकचेनवर टाकला तर चालत का नाही. कारण प्रत्येक चेनवर कॉन्ट्रॅक्ट वेगळं. तुमचा स्वतःचा पत्ता दोन्हीकडं सारखाच दिसतो म्हणून गोंधळ होतो. दशांश स्थळंसुद्धा वेगळी आहेत, इथेरियमच्या यूएसडीटीला 6, बीएनबी चेनवरच्याला 18, पण ते वॉलेट स्वतः भरतं, हाताने बदलू नका, नाहीतर आकडा भलताच दिसेल. आधी पाठवणाऱ्यानं कुठल्या नेटवर्कवर पाठवलंय ते बघा, वॉलेटात तेच नेटवर्क निवडा, मग टोकन ॲड करा. एवढं करूनही दिसलं नाही तर व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) इथंच टाका, मी बघून सांगतो. वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द मात्र टाकू नका, मलाही नाही.