हळकुंडं घरी दळली म्हणजे शिशाची भीती गेली असं नाहीये

हळदीचा तो मेसेज सगळ्यांकडे आला असेलच. शिशाची भेसळ फक्त तयार पावडरीत असते, त्यामुळे पिवळीधमक हळकुंडं बघून घ्या, घरी दळा, पाण्यात टाकून चेक करा, आणि थोडंफार शिसं असलंच तर फोडणीत जळतं नाहीतर धण्याच्या पाण्याने निघून जातं. लहान मुलं असलेल्या घरांत पण लोक हे खरं मानतायत म्हणून लिहितोय.

आधी हळकुंडाचं बघू. लेड क्रोमेट म्हणजे पेंटमधला शिसं असलेला पिवळा रंग, आणि तो पुष्कळदा दळायच्या आधीच लागलेला असतो. हळद शिजवून वाळवली की वरून मळकट, खरबरीत दिसते, मग पॉलिशला साल घासतात आणि तिथेच हा रंग चोळतात. बांगलादेशात १९८०च्या दशकातल्या पुरानंतर हळद काळपट निघायला लागली, गिऱ्हाइकाला पिवळीच हवी होती, तेव्हापासून तिथे हे सुरू झालं. म्हणजे मेसेज जे हळकुंड घ्यायला सांगतोय, तेच जास्त संशयाचं! आपल्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, हळदीतल्या शिशाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) आहे, आणि २०२४च्या एका अभ्यासात पाटण्याच्या हळदीत शिसं १००० पीपीएमच्या वर सापडलं.

पाण्याची टेस्ट पण काही कामाची नाही, लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, हळदीसोबत तळाला बसतं. पोटातल्या आम्लात मात्र त्यातलं शिसं सुटतं.

फोडणीचं तर सोडाच, शिसं मूलद्रव्य आहे, ते जळून नाहीसं होत नाही.

आणि धण्याचं पाणी... त्याने शिसं निघत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, तिथे ते वर्षानुवर्षं राहतं, गरोदरपणात हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचतं. मुलांच्या मेंदूचं नुकसान तर भरूनही येत नाही. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही असं डब्ल्यूएचओ सांगतं. शिसं बाहेर काढायची औषधं आहेत, पण ती रक्तातलं प्रमाण बघून डॉक्टरच देतात.

हे थांबवता येतं बरं का. बांगलादेशात २०१९ला घाऊक बाजारात शिसं शोधणारं मशीन नेऊन जागच्या जागी तपासणी केली, दंड केले, आणि भेसळीचे नमुने ४७ टक्क्यांवरून २०२१पर्यंत शून्यावर आले. आपल्याकडेही घाऊक बाजारातच हे व्हायला पाहिजे, घरच्या ग्लासात नाही.

तोवर सांगलीची घ्या नाहीतर कुठलीही, बिनपॉलिशची, मळकट दिसणारी हळकुंडं मागा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि शंका वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या.