बाप्तिस्म्याचा दाखला आणि केजी वनची रांग

नागपुरात 'कॉन्व्हेंट' हा शब्द धर्माच्या हातून केव्हाच सुटला. 'पोराले कॉन्व्हेंटमध्ये टाकलं' म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या केजी वनला घातलं, बास. गल्लोगल्ली देवांच्या आणि संतांच्या नावाची कॉन्व्हेंटं आहेत, त्यांत औषधालासुद्धा नन सापडायची नाही. खऱ्या कॅथलिक शाळा मात्र 'मिशनच्या', आणि त्या गाठोड्यात आपण हिस्लॉप कॉलेज आणि बिशप कॉटन शाळाही बांधून मोकळे होतो. हिस्लॉप स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनचं, बिशप कॉटन अँग्लिकन. पोपशी दोघांचंही देणंघेणं नाही.

ही सरमिसळ घरच्या वादातही उतरते. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 च्या प्रमती निकालाबद्दल शंका घेतली आणि विषय मोठ्या पीठाकडे पाठवावा असं म्हटलं. प्रमतीने अल्पसंख्याकांच्या सगळ्या शाळा, अनुदानित असोत की विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्यातून बाहेर ठेवल्या होत्या. तेव्हापासून नागपूरकरांच्या गप्पांत दोनच सूर आहेत: 'यांचे लाड बंद करा' आणि 'हा अल्पसंख्याकांवर घाला आहे'. इंग्लंडात बसून हे वाचताना वाटतं, राजेहो, भांडण चुकीच्या दारात चाललंय.

आधी या शाळा नागपुरात कशा आल्या ते पाहू. 1821 मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी बसली. छावणीत कॅथलिक शिपाई, त्यांना पाद्री हवेत. 1838 मध्ये सॅव्हॉयमधल्या अ‍ॅनसी गावी स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांकडे विशाखापट्टणमचा विभाग आला आणि आपला भाग त्याच विभागाच्या पोटात होता. नागपूरचा वेगळा धर्मप्रांत 1887 चा. शाळा त्याच्याही आधीची: सदरमधली एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स, 1870 ची, म्हणजे मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचल्यानंतर तीनच वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. छावणी, रेल्वे, शाळा आणि मग बिशप. रेल्वे आणि लष्कराने आणलेली तामिळ, गोवन, मल्याळी, अँग्लो-इंडियन कुटुंबं हा या शाळांचा कॅथलिक गाभा. तो तेव्हाही लहान होता, आजही लहानच आहे. (सेमिनरी हिल्सवर रोज फिरायला जाणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक असतं, की टेकडीचं नाव पाद्री घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलंय?)

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती 0.96 टक्के, शंभरात एकही पुरता नाही. साठ मुलांचा वर्ग कॅथलिक मुलांनी भरायचा म्हटलं तर शाळा कधीच बंद पडली असती. म्हणून वर्ग सगळ्यांचे, व्यवस्थापन त्यांचं. याची खूण वेळापत्रकात दिसते. एका तासाला कॅथलिक मुलं उठून कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, दुसऱ्या खोलीत जातात आणि बाकीचा वर्ग तिथेच बसून मॉरल सायन्स शिकतो. घंटा झाली की पुन्हा सगळे एकत्र. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2021 च्या अहवालात ख्रिस्ती शाळांमधली सुमारे 74 टक्के मुलं ख्रिस्ती नसल्याचा आकडा आला आणि तो आरोपासारखा वाचला गेला: मग अल्पसंख्याक कशाला म्हणायचं? इंग्लंडच्या बाजूने पाहिलं तर हाच आकडा कौतुकाचा वाटतो.

कारण इंग्लंडात नेमकं उलट आहे. तिथे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतली सुमारे दहातली एक कॅथलिक आहे आणि फी शून्य. 'व्हॉलंटरी एडेड' शाळेचा चालू खर्च आणि पगार सरकार देतं. इमारतीच्या मोठ्या कामाचा साधारण दहा टक्के भार शाळेच्या गव्हर्नर मंडळावर, त्यासाठी पालकांकडे ऐच्छिक वर्गणी मागतात. मुख्याध्यापक कॅथलिकच हवा, धर्मशिक्षणाला आठवड्यातला दहा टक्के वेळ, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर आधी कॅथलिक मुलं घ्यायची कायद्याने मुभा. सरकारी पैशावर चालणारी शाळा दारात बाप्तिस्म्याचा दाखला मागते! नागपुरात असं झालं असतं तर संविधान चौकात मोर्चा निघाला असता.

पण त्या दाराची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: दारावर सगळं लिहिलेलं असतं. कोणतीही कॅथलिक शाळा घ्या, तिचं प्रवेश धोरण वर्षभर आधी छापलेलं असतं. जागांचा आकडा पहिल्या ओळीत. मग साधारण असा उतरता क्रम: सरकारच्या देखभालीतली कॅथलिक मुलं, पॅरिशमधली (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली) बाप्तिस्मा झालेली मुलं, इतर कॅथलिक, देखभालीतली बाकीची मुलं, इतर ख्रिस्ती, इतर धर्मीय आणि शेवटी उरलेले सगळे. बरोबरी झाली तर घरापासूनचं अंतर मोजतात. पालकांची मुलाखत घ्यायला बंदी. जागा रिकाम्या असतील तर धर्म पाहताच येत नाही, येईल त्याला घ्यावं लागतं.

नव्याने इंग्लंडात गेलेली मराठी कुटुंबं अर्ज भरताना एक चूक हमखास करतात. माध्यमिकचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत, प्राथमिकचा 15 जानेवारीपर्यंत स्थानिक कौन्सिलकडे भरायचा, तो ते भरतात. पण कॅथलिक शाळेचा एक पुरवणी अर्ज असतो, तो थेट शाळेत द्यावा लागतो. आपण ख्रिस्ती नाही, तर तो कशाला, असं वाटून सोडून देतात. अनेक धोरणांत 'इतर धर्मीय' हा गट 'उरलेले'च्या वर असतो आणि त्यासाठी आपल्या मंदिराचं किंवा धर्मप्रमुखाचं पत्र चालतं. पुरवणी अर्ज नाही म्हटल्यावर मूल सरळ शेवटच्या गटात. 1 मार्चला किंवा 16 एप्रिलला निकाल आला की हळहळ.

या पद्धतीचं कौतुक करताना तिची खोडही सांगायला हवी. चांगल्या शाळेसाठी घाईघाईने बाप्तिस्मा उरकणारे, दोन वर्षं रविवारी चर्चला जाऊन प्रवेश मिळताच गायब होणारे गोरे मध्यमवर्गीय तिथे विनोदाचा विषय आहेत. त्यावर उपाय म्हणून काही शाळा बाप्तिस्म्याची तारीखही तपासतात. नागपुरात धर्मांतराची भीती घालणाऱ्यांनी एवढं बघावं, की प्रवेशासाठी धर्म बदलण्याचा मोह तिथल्या पद्धतीत आहे, आपल्याकडच्या शाळेत नाही.

नाताळ, टिकली, मेंदी यांवरून दरवर्षी वाद पेटतो, त्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. टिकलीने गणित चुकत नाही, असे नियम करणारं व्यवस्थापन स्वतःहून संकट ओढवून घेतं. प्रार्थनेबद्दल म्हणाल तर इंग्लंडात पालक मुलाला धर्मशिक्षणातून बाहेर काढू शकतो, आणि आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 28(3) मध्ये तोच हक्क आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. साधं पत्र द्यायचं. भांडायची हौस असलेले पत्र मात्र देत नाहीत.

खरी भानगड आहे केजी वनच्या आणि पहिलीच्या दारात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावायला आणि कॅपिटेशन फी घ्यायला मनाई करतं. दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखायच्या 25 टक्के जागांवर सगळे बोलतात, पण प्रमतीने शाळांना पूर्ण कायद्यातूनच वगळलं, तेव्हा हे कलमही त्यांच्यापुरतं गेलं, हे कुणी बोलत नाही. त्यामुळे किती जागा, भावंडांना किती, पॅरिशला किती, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना किती, हे सांगायची सक्ती या कायद्याने कुणावर राहिली नाही. यादी लागते ती फक्त नावांची. माझा आक्षेप एवढ्यावर आहे, शाळेच्या क्रुसावर नाही. आणि 25 टक्क्यांची सक्ती आली म्हणून सगळं सरळ होईल असंही नाही. इतर खासगी शाळांत त्याचं काय होतं ते दिसतंच: अर्जात गुगल नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी पडली की सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश जातो, आणि सरकारकडून प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते. सप्टेंबरच्या निकालात पीठाने एक मधला मार्गही सुचवलाय: अल्पसंख्याक शाळेने 25 टक्के जागा आपल्याच समाजातल्या दुर्बल मुलांना द्याव्यात का, हे तपासावं. नागपूरच्या कॅथलिक घरांची संख्या पाहता त्या जागा भरणं सोपं नाही.

डोकी मोजण्याची कटकट मात्र दोन्हीकडे सारखी. इंग्लंडात ऑक्टोबरच्या एका गुरुवारी शाळांतल्या मुलांची गणना होते, त्या दिवशी पटावर असलेल्या मुलांवर पुढच्या वर्षाचा पैसा ठरतो. आपल्याकडे अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती ते ठरवणं, आधार जुळलेल्या पटावर होते. आधारवर आडनावाचं एक अक्षर वेगळं, जन्मतारीख उलटी, आणि मूल रोज वर्गात बसूनही मोजलं जात नाही. अशी दहा-पंधरा मुलं झाली की एक शिक्षक अतिरिक्त. गोवन आणि तामिळ नावांचं देवनागरीत काय होतं ते सदरमधल्या कुठल्याही शाळेच्या बाबूला विचारा.

आणि प्रवेशाचं उत्तर शोधायला इंग्लंडला जायची गरजही नाही, ते त्याच आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. अल्पसंख्याक संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या 50 टक्के जागा अल्पसंख्याक कोट्याच्या, 10 टक्के इन-हाउस (संस्थेच्याच शाळेतून आलेल्यांच्या), 5 टक्के व्यवस्थापनाच्या, उरलेल्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेत. कोट्यातल्या न भरलेल्या जागा संस्था परत करते, त्या पोर्टलवर दिसतात, प्रत्येक फेरीचा कट-ऑफ लागतो. नागपूरकर पालक हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो. तोच पालक, तेच व्यवस्थापन, तेच आवार. केजी वनसाठी मात्र त्याने सकाळी सहाला फाटकाशी उभं राहायचं आणि फाटकाआड जागा किती आहेत ते चौकीदाराला विचारायचं.