गंगेवर एक गलबत पाहिजे

नाशिकला समुद्र नाही, म्हणून सागरी वारसा जपायचा नाही असं कुठे लिहिलंय? उलट समुद्र नसलेलाच बरा. वारशाच्या जहाजाला कुठे जायचं नसतं. काठाला उभं राहून मागच्या दुकानांचं भाडं वाढवायचं, एवढंच त्याचं काम.

तेव्हा आपल्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर तीन डोलकाठ्यांचं गलबत बांधून टाका. बुधवारचा बाजार हलवावा लागेल, पण भाजीला काय वारसा असतो? ‘आपला समुद्राशी संबंध काय’ असं कुणी विचारलंच, तर काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे बोट दाखवा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. घंटा घाट चढून आली, मग गलबताने काय घोडं मारलंय? डोलकाठ्या होळकर पुलाखालून जात नसतील तर कापा. शिडं सेल्फी पॉइंटला लावता येतील.

लाकडाची काळजी नको. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. एखादा जाणकार सांगेल की गोडं पाणी मुरलं की लाकूड कुजतं, आणि धरणाचं आवर्तन थांबून पात्र आटलं की उघड्या पडलेल्या फळ्या आक्रसून फटी पडतात. फटी झाकायला पाणवेली आहेतच की! तरी गळलंच, तर तळाशी काँक्रीट ओता. नदीतली जुनी कुंडं बुजवून आपला हात बसलेला आहे.

देखभालीचा खर्च मात्र अजिबात धरू नका. उद्घाटनाची फीत कापता येते, दरवर्षी फळ्यांना तेल-डांबर लावणाऱ्या माणसाची कापता येत नाही. न्यूयॉर्कच्या साउथ स्ट्रीट बंदरात दुकानं झकास थाटली, पण १९११ सालचं ‘पेकिंग’ हे शिडाचं जहाज तिथल्या संग्रहालयाला पोसवेना. २०१७ मध्ये ते दुसऱ्या जहाजाच्या पाठीवर बसून जर्मनीला गेलं. आपली जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय होती, २०१४ मध्ये भंगारात निघाली आणि पुढे तिचं पोलाद मोटारसायकलींच्या टाक्यांत उतरलं. घरोघरी वारसा पोचवणं म्हणतात ते हेच.

राहता राहिला पावसाळा. पात्रातल्या, पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गलबताचे दोर तुटणारच. धावाधाव करू नका. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा ओलांडून ते जायकवाडी धरणाला लागलं, तर मराठवाड्यासाठी खाली पाणी सोडायच्या समन्यायी वाटपात आपल्या नावावर मांडून घ्या.