दोन चाकांची मोटार आणि तिच्या वाट्याला आलेली थट्टा

जुन्या स्कूटरच्या शौकिनांमध्ये एक अलिखित समज आहे, तो असा की खरी स्कूटर म्हणजे व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा, बाकीच्या सगळ्या तळटीपा. आपल्याकडे तर हा समज अधिकच पक्का आहे, कारण आपल्या दोन पिढ्या इटालियन वळणाच्या स्कूटरवरच वाढल्या. त्यामुळे १९५० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीत स्कूटरचा मुळापासून वेगळा विचार झाला होता, हे आपल्या गावीही नसते. त्या विचाराचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे ‘माइको मोबिल’. इंग्रज शौकिनांनी तिला सरळ ‘डस्टबिन’ म्हटले आणि ते नाव तिला कायमचे चिकटले. ही थट्टा मला साफ अन्यायाची वाटते.

ती बनवणाऱ्या, उल्रिख माइश यांनी १९२६ मध्ये काढलेल्या माइको या कंपनीचे नावच मुळी ‘माइश आणि कंपनी’ याचे आखूड रूप होते. पुढे ओटो आणि विल्हेल्म या त्यांच्या मुलांनी ट्यूबिंगनजवळच्या फेफिंगन गावी ती वाढवली. युद्धानंतर जर्मनीत स्कूटर काढणारे बहुतेक सगळे असे दुसऱ्याच धंद्यातून आलेले होते. हाइंकेल हे विमानांचे कारखानदार, त्यांना विमाने बांधण्याची बंदी झाली म्हणून ते इकडे वळले. डिंगोल्फिंगचे ग्लास शेतीची यंत्रे बनवत, तर बिलेफेल्डची ड्युर्कोप ही शिवणयंत्रांची जुनी कंपनी. माइको मात्र मोटारसायकलींतच मुरलेली होती आणि १९५० मध्ये तिने लोकांपुढे आणलेल्या वाहनात हा मुरलेपणा दिसतो. त्याचे वर्णन त्या वेळी ‘दोन चाकांची मोटार’ असे केले जाई, आणि ती निव्वळ जाहिरातबाजी नव्हती.

जवळून पाहिले की हे लगेच पटते. पुढचा पत्रा स्वाराच्या गुडघ्यांना दोन्ही बाजूंनी कवेत घेतो, वर रुंद काच असते आणि काचेखाली मोटारीसारखा खराखुरा डॅशबोर्ड असतो, ज्यात हवा असल्यास रेडिओ बसवण्याचीही सोय ठेवलेली होती. मागच्या दोन्ही बाजूंना सामानाचे पत्र्याचे कप्पे आहेत आणि ते नंतर टांगलेल्या पेट्या नसून बॉडीचाच भाग आहेत. स्टेपनीही बॉडीतच सामावलेली आहे. या सगळ्याच्या आत जाड नळ्यांची चौकट असून चाके १४ इंची आहेत, तर त्या काळातल्या व्हेस्पाची चाके अवघी ८ इंची होती.

फरक इथेच आहे. कोर्रादिनो द’आस्कानियो यांनी १९४६ मध्ये पियाज्यो या इटालियन कंपनीसाठी व्हेस्पा रचली, तेव्हा कपडे न मळता कोणालाही सहज बसता यावे आणि गाडी स्वस्तात तयार व्हावी, हे त्यांच्यापुढचे काम होते. त्यासाठी त्यांनी चौकटच काढून टाकली आणि दाबलेल्या पत्र्यालाच सांगाडा केले. ते उत्तर अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. पण ते उत्तर इटलीच्या उन्हातल्या शहराचे आहे. माइकोपुढचा गिऱ्हाईक वेगळा होता. त्याला बायकोसह, सामानासह, थंडीपावसात एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे होते आणि मोटार त्याच्या खिशाला परवडत नव्हती. भर पावसात कोकणात किंवा घाटात स्कूटर चालवून गुडघ्यापासून खाली चिंब झालेल्या माणसाला या गिऱ्हाइकाची निकड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अशा माणसासाठी बांधलेल्या वाहनाला सौंदर्यस्पर्धेत उभे करून नापास करणे म्हणजे रेनकोटला त्याच्या शिलाईवरून नावे ठेवण्यासारखे आहे.

तिच्यात दोष होते, हेही मान्य केले पाहिजे. पहिल्या मोबिलचे सुमारे १५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन एवढ्या पत्र्यापुढे दमत असे. म्हणूनच पुढे ते १७५ आणि मग २०० सीसीपर्यंत न्यावे लागले. पायांच्या मधला भाग उंच असल्यामुळे साडी किंवा स्कर्ट नेसलेल्या बाईला चटकन चढून बसण्याची जी सोय व्हेस्पात आहे, ती इथे नाही.

कंपनीनेही यातून धडा घेतला आणि १९५५ मध्ये माइकोलेट्टा आणली. ती दिसायला बरीच आटोपशीर होती आणि तिचे २५० सीसीचे रूप त्या काळातल्या सर्वांत दमदार स्कूटरमध्ये मोडते. माझ्या दृष्टीने तिची खरी श्रीमंती मात्र तिच्या स्टार्टरमध्ये आहे. एकच सिलिंडर असलेले मोठे इंजिन सहा व्होल्टच्या बॅटरीवर पूर्ण फिरवणे अवघड, म्हणून तिथे क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पूर्ण फिरवलाच जात नाही, तर झोपाळ्याप्रमाणे मागे-पुढे झुलवला जातो. एका बाजूला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या वायूचा अडथळा, लागले की विजेचे संपर्कबिंदू दिशा उलटवतात, पुढच्या झोक्याला प्लग ठिणगी टाकतो आणि पेट्रोल पेटले की झुलणे थांबून इंजिन सरळ फिरू लागते. चावी फिरवल्यावर क्षणभर गाडी अडखळत पुटपुटते आणि मग एकदम सूर धरते. ज्याने ही व्यवस्था योजली असेल, त्याची अडचणीतून वाट काढण्याची रीत मला कोणत्याही गुळगुळीत वळणदार पत्र्यापेक्षा मोठी वाटते.

मग या गाड्या दुर्मीळ का झाल्या? अभियांत्रिकी कमी पडली म्हणून नव्हे. १९५५ च्या सुमारास बीएमडब्ल्यूची इझेट्टा आणि ग्लास यांची गोगोमोबिल या छोट्या मोटारी बाजारात आल्या, वरून जर्मन लोकांच्या हातात पैसा खुळखुळू लागला, आणि ज्याला छप्पर हवे होते त्याने खरेच छप्पर घेतले. महागडी प्रवासी स्कूटर याच गिऱ्हाइकावर जगत होती. माइकोनेही मोटारीच्या धंद्यात हात घातला आणि तिथे पोळून घेतले. मोबिल १९५८ मध्ये थांबली, माइकोलेट्टा १९६६ पर्यंत तग धरून राहिली. पुढे कंपनीचे नाव मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या वाटांवरील शर्यतींच्या, गाड्यांमुळे गाजले आणि १९८३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

त्यामुळे आज जी काही मोजकी वाहने उरली आहेत, ती कशी जपावीत, याबद्दल माझे मत थोडे कडवे आहे. हल्ली जुनी गाडी हाती आली की तिला कारखान्यातून निघताना नव्हती इतकी चकाकी आणायची, जुनी वायरिंग उपसून टाकायची आणि त्रासदायक वाटणारा प्रत्येक भाग ‘सुधारून’ घ्यायचा, अशी रीत पडली आहे. सामान्य गाडीच्या बाबतीत ते चालून जाईल. पण झुलणारा स्टार्टर काढून त्या जागी सुटसुटीत आधुनिक जोडणी केलेली माइकोलेट्टा ही माझ्या लेखी फक्त एक जुन्या आकाराची स्कूटर उरते. तीच गोष्ट मोबिलची. तिचे सामानाचे कप्पे आणि काच उतरवून तिला ‘हलकी’ आणि देखणी करण्यापेक्षा, रंग उडालेल्या पत्र्यासकट, कप्प्यांच्या मूळ बिजागऱ्यांसकट ती चालती ठेवावी आणि पाऊस आला तरी रस्त्यावर काढावी. कारण तिच्यातला प्रत्येक भाग त्याच प्रवासासाठी घडवलेला आहे.