पाऊस किती पडणार यापेक्षा उघाड किती दिवसांची, ते पाहा

ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की गावोगावच्या ग्रुपवर एकच प्रश्न: पाऊस येते का? सोयाबीन शेतात उभं असताना हा प्रश्न अर्धवट आहे. सोंगायला म्हणजे कापायला एक दिवस, वाळायला दोन-तीन दिवस कडक ऊन, मग थ्रेशरमधून दाण्याची काढणी. सलग चार-पाच कोरडे दिवस दिसत नसतील तर विळा लावू नका. उभ्या झाडाची शेंग वाऱ्यानं सुकते, जमिनीवर पसरलेली खालून ओल धरते आणि दाण्याला शेंगेतच कोंब येतात. पार वाळलेलं वावर मात्र पहिल्याच उघाडीत काढा, भिजून-सुकून शेंगा तडकतात.

अंदाजातला 'मध्यम पाऊस' म्हणजे २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिमी. माझं भांडण इथंच आहे. १६ मिमीत सोंगलेल्या सोयाबीनची झाकलेली गंजी (ढीग) वाचते, ६० मिमीत तिच्याखालून पाणी वाहते, आणि दोन्हीला शब्द एकच! शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असतो. म्हणजे बुधवारचा म्हणून सांगितलेला पाऊस गुरुवारी पहाटेही पडू शकतो. यलो अलर्ट निव्वळ विजांसाठीही असतो, रंग पाहून घाबरण्याआधी खालची ओळ वाचा.

सोंगून झालं असेल तर गंजी उंचवट्यावर लावा, खाली पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) अंथरा, भोवती वीतभर चर खोदा. ओली काडी गंजीत घालूच नका. आतून तापते, बुरशी लागते, दाणा काळा पडतो. कोपरापर्यंत हात घालून पाहा, आत गरम लागलं तर गंजी फोडून पसरवा. ऊन पडताच ताडपत्री काढा, नाहीतर ती आतून घाम धरते आणि तेच थेंब वरच्या थरावर पडतात. बियाणं ठेवायचं असेल तर थ्रेशरचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवा, जास्त फिरवलं की डाळ होते.

ढगाळ दिवसाचा गारवा म्हणजे थंडी नव्हे. ढग असेपर्यंत रात्र उबदारच राहते. आभाळ मोकळं होऊन उत्तरेचा वारा सुटला की पारा उतरतो आणि सकाळी दहिवर (दव) पडतं. म्हणून उघाड मिळाली तरी दहिवर सुकल्याशिवाय थ्रेशर लावू नका, कापूसही वेचू नका. १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओल असलेला कापूस सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) घेत नाही. भिजून पिवळा पडलेला वेगळ्या गाठोड्यात ठेवा, चांगल्यात मिसळला की सगळ्याचाच भाव पडतो. तुरीत पाणी साचलं असेल तर आजच चर काढून द्या, काळ्या जमिनीत मर रोग लागायला वेळ लागत नाही.

हरभऱ्याची घाई असणाऱ्यांनी मूठभर माती दाबून खाली टाकावी. गोळा फुटला नाही तर वाफसा (पेरणीजोगी ओल) आलेला नाही, पेरणीची तिफण घरीच राहू द्या.