बेसूर वाजवायला कुणाकडे जागा आहे का?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना पडली. "बी विंगमधील एका सदस्याच्या पाल्याकडून ड्रम या वाद्याचे वादन होत असल्याने रहिवाशांना त्रास होत आहे. सदर वादन तत्काळ बंद करावे, अन्यथा दंडात्मक कारवाई करण्यात येईल." खाली अंगठ्यांची ही मोठी रांग. एका काकूंनी लिहिलं, "शिकायच्या वयात ही थेरं कशाला?"

तो ड्रमवाला मुलगा अकरावीत आहे. संध्याकाळी सहाला बसतो, सातला उठतो. खिडक्या लावून, ड्रमवर जुने टॉवेल टाकून वाजवतो.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण खाली पार्किंगमध्ये कमिटीतले एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "तुमचाही कॉलेजात बँडबिंड होता म्हणे? पण वेळेवर सुटलात हो!" आणि पाठीवर थाप. दारू सोडलेल्या माणसाचं करतात तसं कौतुक.

तेव्हापासून डोकं फिरलंय. कामात लक्ष नाही, म्हणून लिहून टाकतो. लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी फुलांचे फोटो बघावेत.

तर हो, होता बँड. पुण्यात, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. नाव सांगणार नाही, इंग्रजी होतं आणि त्यात कवटी होती एवढं पुरे. मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचो. बँडमध्ये बेस त्यालाच मिळतो ज्याला गिटार धड येत नाही. ड्रमरकडे उसना, एक झांज चिरलेला ड्रमसेट. गिटारवाल्याकडे कोलकात्याची गिवसन कंपनीची गिटार. आणि माझा बेस ज्यातून जायचा तो अहुजाचा ॲम्प्लिफायर, सत्यनारायणाला लावतात तोच. त्यातून बेस कमी आणि घरघर जास्त यायची.

सगळं कॅसेट ऐकून बसवायचं. त्यात प्रत्येकाच्या डेकचा वेग वेगळा, त्यामुळे माझ्या घरी बसवलेलं गाणं गिटारवाल्याच्या घरी बसवलेल्या गाण्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली. एकत्र आल्यावर कुणाचा डेक खरा यावर अर्धा तास भांडण. डीप पर्पल, आयर्न मेडन, मेटॅलिका, या परदेशी रॉक बँडची गाणी सगळे वाजवायचे, आम्हीही तेच वाजवायचो. बरं वाजवायचो का? नाही. सुरुवातीची दोनेक वर्षं तर भयंकर वाजवायचो. आणि आज मला एवढंच म्हणायचंय, की भयंकर वाजवायला आम्हाला जागा मिळाली होती.

ती जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाची भांड्यांची खोली. ड्रमरचा मामा तिथे मॅनेजर. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नाहीत, कार्यालय ओस, भांडी कपाटात. आषाढी एकादशी झाली की मामा किल्ली द्यायचा आणि तुळशीचं लग्न लागलं की काढून घ्यायचा. गंमत बघा, कॉलेजांच्या स्पर्धा सगळ्या डिसेंबरात. म्हणजे आमची तयारी ऐन भरात आली की पुण्यातल्या समस्त वधूवरांचे मुहूर्त निघायचे आणि आम्ही रस्त्यावर. मूड इंडिगो या आयआयटी मुंबईच्या महोत्सवातल्या लाइव्हवायर या बँडच्या स्पर्धेत आम्ही प्राथमिक फेरीतच उडालो, त्याचं खापर मी आजही पंचांगावर फोडतो.

त्या खोलीत हजार पानांची भांडी होती. मी खालची तार वाजवली की पातेली गुणगुणायची. बेसच्या तारांचा नवा सेट परवडायचा नाही. तो आणायलाही मुंबईला धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जायचं. म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळायच्या, मळ निघतो आणि आवाजाला धार येते. कशात उकळायच्या? समोर पातेलीच होती. आचाऱ्याने एकदा पाहिलं आणि जे काही बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

आणि एका श्रावणातल्या मंगळवारी मामा आम्हाला सांगायला विसरला की हॉलमध्ये मंगळागौर आहे.

आम्ही आत दार लावून मेटॅलिका बडवतोय आणि बाहेर वीसपंचवीस बायका फेर धरतायत. मधेच दार उघडलं. नऊवारीतल्या एक आजी, कंबर खोचलेली, घामाघूम. आम्ही चौघे गारठलो. आता मामाची नोकरी गेली असंच वाटलं. आजींनी भांडी पाहिली, आम्हाला पाहिलं, आणि विचारलं, "काय रे, तुमचं हे किती वेळ चालायचं?"

गिटारवाला म्हणाला, "तुम्ही म्हणाल तेव्हा थांबतो आजी."

"मग आत्ता थांबा. आम्ही दमलो की तुमचं लावा."

संपला विषय. ना दंड, ना तत्काळ, ना सदर. बाई चालत आल्या, बोलल्या, वाटणी झाली. आणि आज दोन मजल्यांवरून खाली उतरून त्या पोराच्या घराची बेल वाजवायला एकालाही जमलं नाही? अंगठा दाबायला मात्र सगळे पुढे!

मला कळतं, घरोघरी म्हातारी माणसं आहेत, तान्ही बाळं आहेत. ड्रम हे काही बासरीसारखं वाद्य नाही. नियमात निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आहेत आणि ड्रमसेट त्याच्या कितीतरी वर जातो. मान्य. पण मग गणपतीत दहा दिवस गेटपाशी स्पीकरची जी भिंत उभी राहते ती किती डेसिबलची असते? चौथ्या मजल्यावर तीन महिने फरशा फोडत होते, तेव्हा कुणाचा पाल्य वादन करत होता? एकतीस डिसेंबरचं तर बोलतच नाही.

आणि हीच माणसं 2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडला ऐकायला नवी मुंबईला गेली होती. तिकिटासाठी घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप उघडून बसली होती. डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे मनगटी दिवे लावलेले फोटो अजून डीपीला आहेत. अहो, ती चार पोरंही लंडनच्या एका कॉलेजातच भेटली. त्यांनीही कुठल्यातरी खोलीत आधी वाईटच वाजवलं असणार. तुम्हाला थेट स्टेडियमवर तयार झालेला बँड हवा. तो शिकताना तुमच्या भिंतीपलीकडे नको.

नाटकवाल्यांचं बघा. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, जवळ आला की कॉलेजं वर्ग उघडून देतात, पोरं रात्री उशिरापर्यंत तालमी करतात, आणि पुण्याला त्याचा अभिमान आहे. असायलाच हवा. आम्ही त्याच कॉलेजात खोली मागितली तर शिपायाने हाकललं.

जागा जातात कशा, तेही पाहिलंय. मुंबईचं रंगभवन. झेवियर्सच्या शेजारी, उघड्यावरचं. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, 1986 पासून. आम्ही पुण्याहून पॅसेंजरने जायचो, पायऱ्यांवर पावसात भिजत बसायचो. कोवळा बँड आला की लोक ओरडून उतरवायचे, दर्दी वगैरे काही नाही, निर्दयी पब्लिक. पण तिथे उभं राहून शिव्या खाता यायच्या, हेच मोठं. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, शांतता क्षेत्रं आली, आणि कॉलेज-हॉस्पिटलच्या शेजारचं रंगभवन मुकं झालं. रुग्णांना शांतता हवी, याला कोण नाही म्हणेल? आपला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा त्या नियमांनी रात्री दहाच्या दावणीला बांधला गेला, नाहीतर भैरवी ऐकून पहाटे घरी यायचो. म्हणजे अन्याय एकट्या रॉकवर झाला असं म्हणता येत नाही. पण सवाईला दुसरं मैदान, दुसरी वेळ मिळाली. त्या पायऱ्यांना पर्याय कुणी शोधला?

जाऊ दे. चहा घेऊन आलो. जरा शांत झालोय.

मंगळागौरीचं अर्धंच सांगितलं. आम्ही थांबलो, भांड्यांवर बसून राहिलो. पाचच मिनिटांत आजींनी एक मुलगी पाठवली, "तो ढोल बडवणारा कोण, त्याला बोलावलंय." ड्रमर सेटमधला छोटा ड्रम, स्नेअर, घेऊन बाहेर गेला, चेहरा फाशीला निघाल्यासारखा. झिम्म्याला वाजव म्हणाल्या. हा घाबरून जो सुटला तो दुप्पट वेगात. बायकांची पावलं चुकायला लागली. आजींनी हात वर करून सगळं थांबवलं आणि म्हणाल्या, "पळतोस कशाला? पाय आमचे आहेत. तू आमच्या मागनं ये."

तो मागनं आला. आणि काय वाजवलं त्याने! हे बेसवाला सांगतोय, ज्याने त्याच्या पळण्याने इतके महिने मार खाल्ला होता. नंतर भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ, पोटभर. दहाच्या सुमारास बायका दमून बसल्या तेव्हा आजींनी शब्द पाळला, "हं, आता तुमचं होऊ द्या." आम्ही बाहेर येऊन वाजवलं. अर्ध्या बायकांनी कानावर हात ठेवले, पण उठून कुणी गेलं नाही. पुढे कायम, तालमीत ड्रमर पळाला की आम्ही तिघे एका सुरात ओरडायचो, "मागनं ये!"

बँड मोडला त्याला काही कथा नाही. मला भोसरीला नोकरी लागली, सातची पाळी. गिटारवाल्याला वायटूकेने, म्हणजे 2000 सालाच्या संगणक दुरुस्तीच्या कामाने, न्यू जर्सीला उचललं. गाणारा बँकेच्या परीक्षा देत सुटला. ड्रमर वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला. लग्नासाठी आईने माझी माहिती लिहून काढली, त्यात छंद : वाचन, संगीत. भेटायला गेलो तर मुलीने विचारलं, कुठलं संगीत? मी सांगितलं. तिने पोह्याची बशी खाली ठेवून पुढचा प्रश्न विचारला. ती आज स्वयंपाकघरातून म्हणतेय, पोस्ट टाकू नकोस, सोसायटीत राहायचंय आपल्याला.

सुटलो वगैरे काही नाही हो. नोकरी केली, हप्ते भरले, पोरं वाढवली, सगळं आवडीने केलं. पण चौघांनी एकमेकांचं ऐकत एका ठेक्यावर उभं राहायचं कसं, हे मला कुठल्याही कंपनीच्या ट्रेनिंगने शिकवलं नाही. ते मी भांड्यांच्या खोलीत शिकलो. ती वर्षं 'उनाडकी' म्हणून कुणी खात्यातून वजा करणार असेल, तर त्याने माझ्या पाठीवर थाप मारू नये.

कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो. इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्या, हेडफोन लावा. एकट्याच्या रियाजाला ठीक आहे, पण बँड हेडफोनात होत नाही. बँडच्या सरावासाठी ताशी भाड्याच्या जॅमरूम आहेत. आहेत, चांगल्याही आहेत. अकरावीतल्या चार पोरांच्या खिशाला आठवड्यातून तीनदा परवडतात का, ते सांगा.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मी बोलणार आहे, तत्काळ आणि दंडात्मक हे दोन्ही शब्द काढायला लावणार आहे. जमलं तर क्लबहाउसची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मागणार आहे. मिळेल असं वाटत नाही, कारण तिथे योगा असतो आणि योगाशी भांडायची माझी टाप नाही.

म्हणून विचारतोय. कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात कुणाचं गोदाम, बंद पडलेली गिरणी, शेड, तळघर, काहीही रिकामं असेल तर इनबॉक्स करा. वीज हवी, दार नीट लागायला हवं, पाऊस आत यायला नको. भाडं वाजवी असेल तर मी देतो. आणि मंगल कार्यालयवाले कुणी ओळखीचे असाल तर चातुर्मासापुरतंही चालेल, पोरांना तारा उकळू नका असं मी बजावून ठेवेन.